हात जुळतात आणि सुटतात, त्यामधला वेळ: सॉफ्टबॉलमध्ये पिचरने केव्हा टाकावे आणि बॅटरने केव्हा तयार असावे

चतुर्थीची सुट्टी संपली की गोव्यातील शाळांमध्ये आंतरशालेय सामन्यांची गडबड सुरू होते. पाऊस पुरता गेलेला नसतो, मैदानाची तांबडी माती बुटांना चिकटत असते आणि सकाळी फक्कीने आखलेल्या रेघा एका सरीत पुसून जातात. काही वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातील अशाच एका मैदानावर आमच्या हायस्कूलच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना चालला होता आणि मी तिसऱ्या बेसजवळ (धावपटूने क्रमाने गाठायच्या जागांपैकी एक) उभी राहून बॅटरला, म्हणजे फलंदाजी करणाऱ्या मुलीला, खुणा देत होते. आमची बॅटर उजवा पाय बॅटर बॉक्समध्ये, म्हणजे तिने उभे राहायच्या आखलेल्या चौकटीत, आणि डावा पाय रेघेबाहेर ठेवून, बॅट खांद्यावर टेकवून माझ्याकडे पाहत होती. माझ्या खुणा पूर्ण होण्याआधीच समोरच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीने, चेंडू टाकला. तो बॅटरजवळच्या होम प्लेटच्या बरोबर मधून गेला, तिच्यामागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये धप्प आवाज झाला आणि समोरच्या संघाने ‘स्ट्राइक’ (बॅटरच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू) म्हणून आरोळी ठोकली. अंपायरने मात्र दोन्ही हात वर करून ‘नो पिच’ असे सांगितले. तो चेंडू मोजलाच गेला नाही.

दोन डावांनंतर नेमके उलट घडले. समोरच्या संघाची बॅटर एक फटका चुकल्यावर बॉक्सच्या बाहेर आली, हाताला माती चोळत आपल्या मैत्रिणींशी बोलत राहिली, अंपायरने बोलावल्यावरही सावकाश चालत आली आणि तेवढ्यात अंपायरने तिच्या नावावर एक स्ट्राइक जाहीर केली. चेंडू पिचरच्या हातातून सुटलादेखील नव्हता. मैदानाकडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर बसलेल्या पालकांपैकी एक काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, “मघाशी टाकलेला चेंडू मोजला नाही, आणि आता न टाकलेला मोजला. हा कुठला नियम?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. क्रिकेट आणि फुटबॉल पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना सॉफ्टबॉलमध्ये सर्वांत जास्त कोड्यात टाकणारा भाग हाच आहे, आणि माझ्या मते या खेळातील सर्वांत विचारपूर्वक रचलेला भागही हाच आहे. अंपायरचे दोन्ही निर्णय बरोबर होते आणि ते एकाच तत्त्वातून आलेले होते. चेंडू टाकण्यापूर्वी पिचरने बॅटरला तयार होण्याइतका वेळ दिला पाहिजे, आणि तो वेळ मिळाल्यावर बॅटरने तयार असलेच पाहिजे. पुढील सगळे नियम या एका देवघेवीचे तपशील आहेत.

हे तपशील इतके काटेकोर का आहेत, हे समजण्यासाठी आधी अंतर पाहावे लागेल. स्त्रियांच्या फास्टपिच (वेगाने चेंडू टाकण्याच्या) सॉफ्टबॉलमध्ये पिचर जिच्यावर उभी राहते त्या पिचर प्लेटच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर अंतर असते. पुरुषांसाठी ते ४६ फूट, म्हणजे १४.०२ मीटर आहे, तर लहान वयोगटांसाठी ते आणखी कमी ठेवतात. क्रिकेटची खेळपट्टी यष्ट्यांपासून यष्ट्यांपर्यंत २०.१२ मीटर असते, ही गोष्ट येथे आठवून पाहावी. शिवाय पिचर चेंडू सोडताना एक लांब पाऊल पुढे टाकते, त्यामुळे प्रत्यक्षात चेंडूला सुमारे साडेअकरा मीटरच कापायचे असतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू हे अंतर साधारण ०.४१ सेकंदात पार करतो. अमेरिकेच्या मोनिका ॲबट यांनी २०१२ साली ताशी ७७ मैल, म्हणजे जवळजवळ १२४ किलोमीटर वेगाने टाकलेल्या चेंडूची गिनीज विश्वविक्रम म्हणून नोंद झाली. त्या वेगाने हाच हिशेब केला तर बॅटरच्या हाती सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. आमच्या शाळकरी मुलींचे वेग अर्थातच याहून पुष्कळ कमी असतात, पण ताशी ६० किलोमीटर वेगाचा चेंडूसुद्धा पाऊण सेकंदाच्या आत येऊन पोहोचतो.

एवढ्या वेळात चेंडू पाहायचा, तो वर उसळतो आहे की खाली बुडतो आहे हे ओळखायचे, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे आणि बॅट फिरवायची असते. ज्या मुलीची नजर त्या क्षणी प्रशिक्षकाकडे आहे, तिच्यापाशी यातले काहीच करण्याइतका वेळ नसतो. चेंडू तिच्या अंगावर आला तर वाकून चुकवायलाही सवड मिळत नाही. सॉफ्टबॉल हे नाव ऐकून चेंडू मऊ असतो असा पुष्कळ पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो सुमारे ३०.५ सेंटिमीटर घेराचा, १७८ ते १९८ ग्रॅम वजनाचा आणि चांगलाच कठीण असतो. तयारीचा नियम त्यामुळे शिष्टाचारापुरता राहत नाही, तो सुरक्षेचाही नियम ठरतो.

पिचरने काय करायचे

पिचर प्लेट म्हणजे जमिनीत पुरलेली ६१ सेंटिमीटर लांब आणि सुमारे १५ सेंटिमीटर रुंद पट्टी. तिच्याभोवती ८ फूट त्रिज्येचे वर्तुळ आखलेले असते. पिचर या पट्टीवर येऊन उभी राहते तेव्हा तिचे दोन्ही हात वेगळे असले पाहिजेत, म्हणजे चेंडू एका हातात किंवा ग्लोव्हमध्ये आणि दुसरा हात त्याच्यापासून दूर. खांदे पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषेत हवेत, म्हणजे छाती सरळ बॅटरकडे हवी. या स्थितीत तिने कॅचरकडून खूण घ्यायची असते. खूण घ्यायची नसली, काय टाकायचे हे तिचे आधीच ठरलेले असले, तरीही तिने खूण घेण्यासाठी थांबल्याचे दिसले पाहिजे. नवख्या मुलींना हे नाटकी वाटते. मी त्यांना सांगते की ही थांबण्याची कृती कॅचरसाठी जितकी आहे तितकीच बॅटरसाठी आहे. वेगळे असलेले हात पाहून बॅटरला कळते की अजून अवकाश आहे.

त्यानंतर पिचर दोन्ही हात शरीरासमोर एकत्र आणते आणि पूर्ण स्थिर होते. या स्थिरतेलाही वेळेचे बंधन आहे. आपल्याकडे जे आंतरराष्ट्रीय नियम शिकवले जातात त्यांत किमान २ आणि जास्तीत जास्त ५ सेकंद असे हे बंधन आम्ही शिकलो आणि शिकवत आलो. अमेरिकेतील शालेय सामन्यांच्या नियमांत ते किमान १ आणि जास्तीत जास्त १० सेकंद असे आहे. आकडे संहितेप्रमाणे बदलतात, म्हणून प्रत्येक स्पर्धेआधी त्या स्पर्धेची नियमपुस्तिका उघडून पाहणे हे प्रशिक्षकाचे कामच आहे. पण खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा या दोन्ही संहितांत आहेत, आणि त्या दोन्ही कशासाठी आहेत हे आकड्यांपेक्षा महत्त्वाचे आहे. खालची मर्यादा बॅटरला आधार देते: हात जुळल्याबरोबर चेंडू सुटणार नाही, निदान एवढा वेळ नक्की मिळेल. वरची मर्यादा तिला छळापासून वाचवते. बॅट उचलून, गुडघे वाकवून, श्वास रोखून उभ्या असलेल्या खेळाडूला पिचरने हवा तेवढा वेळ ताटकळत ठेवले, तर तिचे हात जड होतात आणि नजर ढळते. तसे करण्याची मुभा पिचरला नाही.

मग हात सुटतात. या क्षणाला नियमांत फार मोठे स्थान आहे. चेंडूवरून एक हात निघाला की पिच सुरू झाली. यापूर्वी पिचर पट्टीवरून मागे उतरून सगळे पुन्हा पहिल्यापासून करू शकते, यानंतर तिला थांबता येत नाही. बेसवर उभ्या धावपटूंसाठी मात्र दुसरा क्षण ठरलेला आहे. चेंडू पिचरच्या हातातून प्रत्यक्ष सुटेपर्यंत त्यांनी बेस सोडायचा नसतो. हात सुटणे आणि चेंडू सुटणे यांत डोळ्याला जेमतेम दिसेल एवढेच अंतर असते, तरी बॅटरचे बंधन पहिल्या क्षणाशी आणि धावपटूचे दुसऱ्या क्षणाशी बांधलेले आहे. शिकवताना मी मुलींना हे दोन शब्द वेगवेगळे म्हणायला लावते, कारण ‘सुटले’ एवढेच म्हटले की नेमके काय सुटले यावर वाद होतो.

हात फिरवण्याचे नियम बरेच आहेत, त्यांतले येथे लागतील तेवढेच सांगते. चेंडू खालूनच टाकावा लागतो. तो सोडताना हात कमरेच्या खाली असला पाहिजे आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून दूर जाता कामा नये. बॅटरच्या दिशेने एकच पाऊल टाकता येते आणि ते पिचर प्लेटच्या लांबीच्या पट्ट्यातच पडले पाहिजे. मागचा पाय पुढे घासत आणता येतो, पण तो मध्येच पुन्हा रोवून दुसऱ्यांदा जोर घेता येत नाही. याला क्रो हॉप म्हणतात आणि तो बेकायदा आहे. हात एकदा पुढे निघाल्यावर त्याची गती मध्येच थांबवता किंवा उलटवता येत नाही, आणि बॅटरला चकवण्यासाठी हाताची भलती आवर्तनेही करता येत नाहीत. या शेवटच्या दोन नियमांमागचा विचार पुन्हा तोच आहे. बॅटर पिचरच्या हाताच्या लयीवरून स्वतःची लय जुळवते. वेग, फिरकी आणि दिशा यांनी तिला फसवणे हे पिचरचे कौशल्य आहे, पण खोटी सुरुवात करून तिला हलवणे हे त्या कौशल्यात बसत नाही.

इलीगल पिच आणि नो पिच

आमच्या सामन्यांत निम्मे वाद हे दोन शब्द एकच समजल्यामुळे होतात, म्हणून येथे थोडे थांबायला हवे.

पिचरने वर सांगितलेल्यांपैकी एखादा नियम मोडला, उदाहरणार्थ हात जोडून ती थांबलीच नाही, किंवा एकाऐवजी दोन पावले टाकली, तर ती इलीगल पिच होते. अशा वेळी अंपायर डावा हात आडवा बाहेर काढतो, पण खेळ लगेच थांबवत नाही. चेंडू बॅटरपर्यंत जाऊ देतात आणि काय होते ते पाहतात. बॅटरने तो मारला नाही तर तिच्या खात्यात एक ‘बॉल’ (बॅटरच्या बाजूने मोजला जाणारा चेंडू) जमा होतो. तिने मारला, ती स्वतः पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचली आणि बेसवरच्या सगळ्या धावपटू निदान एकेक बेस पुढे गेल्या, तर पिचरची चूक विसरली जाते आणि खेळ जसा झाला तसा कायम राहतो. यांपैकी काही घडले नाही तर फलंदाजी करणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला निवड करता येते: झालेला खेळ मान्य करावा किंवा दंड घ्यावा. त्या दंडात धावपटूंनाही एकेक बेस बहाल करण्याची तरतूद पुष्कळ वर्षे होती आणि काही संहितांनी ती अलीकडे काढून टाकली आहे. थोडक्यात, इलीगल पिच हा पिचरचा गुन्हा आहे आणि त्याचा तोटा फलंदाजी करणाऱ्या संघाला होऊ नये अशी त्यात व्यवस्था आहे.

नो पिच म्हणजे तो चेंडू जणू टाकलाच गेला नव्हता. बॉल नाही, स्ट्राइक नाही, आणि त्या चेंडूवर जे काही घडले ते सगळे रद्द. खेळ थांबलेला असताना पिचरने टाकलेला चेंडू असा ठरतो. धावपटूने वेळेआधी बेस सोडल्याबद्दल तिला बाद दिले जाते, तेव्हा तो चेंडूही असाच ठरतो. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्विक पिच: बॅटर आपली जागा घेण्यापूर्वी, किंवा आधीच्या चेंडूवर तोल गेल्यामुळे ती अजून सावरत असताना, तिला बेसावध गाठण्याच्या उघड हेतूने टाकलेला चेंडू. आमच्या बॅटरच्या बाबतीत झाले ते हेच. तिचा एक पाय बाहेर होता, नजर माझ्याकडे होती, आणि पिचरला ते स्पष्ट दिसत होते.

यातली एक गोष्ट मुलींच्या पचनी पडायला वेळ लागतो. क्विक पिच आली आणि बॅटरने कशीबशी बॅट फिरवून तो चेंडू लांब मारला, तरीही नो पिचच. इलीगल पिचवर मारलेला फटका टिकू शकतो, नो पिचवर मारलेला टिकत नाही. ‘पण फायदा तर आमचा झाला असता’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. तिला उत्तर एवढेच आहे की इलीगल पिचमध्ये दोघी सज्ज होत्या आणि एकीने नियम मोडला, तर क्विक पिचमध्ये सामना सुरू होण्यासाठी लागणारी दुसरी व्यक्ती अजून जागेवरच आलेली नव्हती.

उघड हेतू कोणाचा आणि तो ओळखायचा कसा, हा प्रश्न शेवटी अंपायरच्या डोळ्यांवर सोडावा लागतो. वेगाने खेळणारी प्रत्येक पिचर काही बेइमान नसते. चेंडू हातात आल्याबरोबर पट्टीवर जाणे, खूण घेणे, हात जोडणे, नियमाने सांगितलेला थांबा घेणे आणि लगेच टाकणे हा तिचा हक्क आहे. बॅटरला फार विचार करू न देण्याचा तो योग्य मार्गही आहे. चांगला अंपायर म्हणूनच बॅटरचे पाय बॉक्समध्ये येईपर्यंत आपला एक हात तळवा पिचरकडे करून उभा धरतो. तो हात वर आहे तोवर टाकलेला चेंडू मोजायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि वाद मुळातच उद्भवत नाही. आमच्या त्या सामन्यात हात वर नव्हता. अंपायरने हेतूवरून निर्णय दिला आणि मला तो आजही योग्य वाटतो, पण हात वर असता तर समोरच्या मुलींना तो अन्याय वाटला नसता.

बॅटरची बाजू

बॅटर बॉक्स ३ फूट रुंद आणि ७ फूट लांब असतो आणि होम प्लेटपासून ६ इंचांवर आखतात. पिच सुरू होताना बॅटरचे दोन्ही पाय या चौकटीत हवेत. अंपायरने खेळ सुरू करण्यास सांगितल्यावर बॅटरने १० सेकंदांत आपली जागा घेतली पाहिजे. ती आली नाही तर अंपायर स्ट्राइक जाहीर करतो, त्यासाठी पिचरला चेंडू टाकावाही लागत नाही आणि त्या वेळी चेंडू डेड, म्हणजे खेळाबाहेर, असतो. गडग्यावरच्या काकांना पडलेल्या कोड्याचा दुसरा भाग येथे सुटतो. पिचरलाही अशीच मुदत आहे. चेंडू हातात आल्यापासून २० सेकंदांत तिने पुढचा चेंडू टाकला पाहिजे, नाहीतर बॅटरला एक बॉल मिळतो. बॅटरचे १० सेकंद पिचरच्या २० सेकंदांच्या पोटात बसतात, म्हणजे बॅटर जागेवर आल्यानंतरही पिचरपाशी खूण घेऊन नीट थांबण्याइतका वेळ उरतो. दोन्ही आकडे एकमेकांकडे पाहून ठरवल्यासारखे आहेत.

अनेक संहितांत असेही सांगितले आहे की दोन चेंडूंच्या मध्ये बॅटरने निदान एक पाय बॉक्समध्ये ठेवावा. फटका मारायला जाऊन तोल गेला, चेंडू अंगावर आला म्हणून मागे सरावे लागले, चेंडू कॅचरच्या हातून निसटला, किंवा अंपायरने स्वतः खेळ थांबवला, अशा प्रसंगी बाहेर पडण्यास हरकत नसते. आमच्या मुलीचा एक पाय आत होता तो याच नियमामुळे, आणि इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. एक पाय आत असणे म्हणजे ती बॉक्स सोडून गेलेली नाही एवढेच, त्याचा अर्थ ती तयार आहे असा होत नाही. खूण पाहण्यासाठी एक पाय बाहेर काढून तिसऱ्या बेसकडे वळणे ही बॅटरची रोजची सवय आहे आणि पिचरला ती माहीत असते.

वेळ मागण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. डोळ्यात धूळ गेली, हेल्मेटचा पट्टा सुटला, तर बॅटर हात वर करून अंपायरकडे वेळ मागू शकते. पण मागितला म्हणजे मिळाला असे नाही. अंपायरने ‘टाइम’ म्हणेपर्यंत खेळ चालूच असतो, आणि पिचरचे हात सुटल्यानंतर अंपायरने वेळ द्यायचा नसतो. हात वर करून सरळ बाहेर पडण्याची सवय आमच्या मुलींना टीव्हीवरच्या क्रिकेटमधून लागते, कारण तेथे धावत येणाऱ्या गोलंदाजासमोरून फलंदाज बाजूला झालेला त्यांनी अनेकदा पाहिलेला असतो. सॉफ्टबॉलमध्ये पिच सुरू झाल्यावर बॅटर बाहेर पडली आणि पिचरने नियमाप्रमाणे चेंडू टाकला, तर तो जसा असेल तसा बॉल किंवा स्ट्राइक मोजला जातो. तिच्या बाहेर पडण्याने गोंधळून पिचर मध्येच थांबली, तर थांबल्याबद्दल पिचरला दंड होत नाही. बहुतेक नियमांत तो चेंडू नो पिच धरून दोघींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची असते. बॅटरने बाहेर उडी मारून पिचरकडून इलीगल पिच काढून घ्यावी, ही वाट येथे बंद केलेली आहे.

आणखी दोन चुका महागात पडतात. पिचर पट्टीवर उभी राहून खूण घेत असताना बॅटर कॅचरच्या समोरून एका बॉक्समधून दुसऱ्या बॉक्समध्ये गेली तर ती बाद होते. आणि चेंडू बॅटला लागताना तिचा एक पाय पूर्णपणे रेघेबाहेर जमिनीवर टेकलेला असला, तरीही बाद.

क्रिकेट जाणणाऱ्या वाचकांना यातले काही ओळखीचे वाटेल. क्रिकेटच्या नियमांतही फलंदाज तयार नसेल आणि टाकलेला चेंडू खेळण्याचा त्याने प्रयत्न केला नसेल, तर पंच डेड बॉल देतात. मात्र तेथे चेंडू खेळला की तयार नसल्याची सबब संपते. उशिराबद्दलची शिक्षाही क्रिकेटमध्ये आहे, पण ती नव्या फलंदाजाला लागू होते. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी दिल्लीत विश्वचषकाच्या सामन्यात श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज बांगलादेशविरुद्ध ‘टाइम्ड आउट’ झाला तेव्हा साऱ्या देशात त्याची चर्चा झाली होती. त्या स्पर्धेत नव्या फलंदाजाने २ मिनिटांत चेंडू खेळण्यास तयार असावे असा नियम होता. सॉफ्टबॉलमध्ये हीच गोष्ट मिनिटांऐवजी सेकंदांत मोजतात, प्रत्येक चेंडूआधी मोजतात आणि शिक्षा म्हणून थेट बळी न घेता एक स्ट्राइक देतात. मला ही मांडणी अधिक न्यायाची वाटते. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलनेही २०२३ पासून घड्याळ लावले आहे, आणि त्यात घड्याळावर ८ सेकंद उरलेले असताना बॅटर नुसता बॉक्समध्ये असून भागत नाही, त्याचे लक्ष पिचरकडे असावे लागते. तयारी म्हणजे पायांची जागा आणि नजरेची दिशा, ही व्याख्या मला फार उपयोगाची वाटली आणि सरावात मी तीच वापरते.

आमच्या सरावात याचा एक साधा पाठ असतो. चेंडू न घेता दोघी समोरासमोर उभ्या राहतात, एक पट्टीवर, एक बॉक्समध्ये. बॅटर तिसऱ्या बेसकडे पाहते, खूण घेते, आधी मागचा पाय रोवते, मग पुढचा आत आणते, बॅट उचलते आणि शेवटी मान वळवून पिचरच्या कमरेजवळ, जिथून चेंडू सुटणार त्या जागेकडे पाहते. ती मान वळेपर्यंत पिचरने हात वेगळे ठेवायचे. मान वळली की हात जोडायचे, मनात ‘एक, दोन’ मोजायचे आणि मगच हात सोडायचे. नियम पिचरला बॅटरच्या नजरेसाठी थांबायला शब्दशः सांगत नाही, मी ती सवय मुद्दाम लावते, कारण त्या सवयीच्या पिचरवर क्विक पिचचा आरोप कधी येत नाही. उलट बाजूने मी बॅटरच्या हाती घड्याळ देते. दहा सेकंद म्हणजे किती, हे बहुतेक मुलींना ठाऊकच नसते. हेल्मेट सारखे करणे, बुटाची माती बॅटने झाडणे, ग्लोव्ह ओढणे एवढ्यात सात सेकंद कधी जातात ते कळत नाही. तांबड्या मातीच्या मैदानावर बुटाखाली चिखलाचा थर बसतो आणि तो झाडल्याशिवाय पाय घसरतो, म्हणून ते काम बॉक्सकडे येताना वाटेतच उरकायला मी शिकवते.

माझ्या बाजूची चूक मला त्या सामन्यानंतर उमगली. मी त्या दिवशी दिलेल्या खुणा सहा-सात होत्या, त्यांतल्या एकाच खुणेला अर्थ होता आणि उरलेल्या समोरच्या संघाला फसवण्यासाठी होत्या. तेवढा वेळ आमची मुलगी एका पायावर माझ्याकडे पाहत राहिली. ‘नो पिच’ मिळाली म्हणून आमचे निभावले, पण अंपायरने तिला लवकर तयार होण्यास सांगितले असते आणि दहा सेकंद उलटले असते तर स्ट्राइक आमच्याच नावावर लागली असती. आता मी तीन खुणांवर थांबते.

त्या ‘नो पिच’नंतर अंपायरने पुसट झालेल्या बॉक्सची रेघ फक्की मागवून पुन्हा आखून घेतली, हात वर धरला, आमच्या मुलीचे दोन्ही पाय आत येऊन तिची मान वळेपर्यंत तो तसाच धरून ठेवला आणि मग पिचरकडे बोट करून ‘प्ले’ म्हटले. पिचरने हात जोडले, या वेळी ती पुरती थांबली, आणि चेंडू पुन्हा मधूनच आला. आमच्या मुलीने बॅट फिरवली आणि तो हुकला. ती स्ट्राइक होती, आणि तिच्याबद्दल कोणीही हरकत घेतली नाही.